रिकाम्या झोळीचं वजन

माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

दोन हजार एक सालचा उन्हाळा होता. मी आमच्या गावात अंगणवाडी सेविका होते. गाव पवनी तालुक्यातलं, कोंढ्यापासून पायी तासाभरावर. मोठा तलाव, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून आम्हा ढिवरांची तीस घरं, खाली धानाच्या बांध्या. त्या तलावातले मासे आता राहिले नाहीत, पण तेव्हा जाळं वाळत घातलं की सगळ्या पाळीला वास यायचा, आणि तो वास मला अजून झोपेतही ओळखू येतो. ग्रामपंचायतीची खोली अंगणवाडीच्या भिंतीला भिंत लावून होती. ग्रामसेवक गोपाळराव तीन गावं सांभाळत, त्यामुळे आठवड्यातून दोनदाच येत. तालुक्यावरून आदेश आला होता : जन्माच्या रजिस्टरात ज्या लेकरांच्या नावाची जागा कोरी आहे, ती घरोघर जाऊन भरा.

कोऱ्या जागा पुष्कळ होत्या. बाळ जन्मलं की नोंद व्हायची, नाव बारशाला ठेवायचे, आणि मग ते नाव सांगायला कोणी फिरकत नसे. मागच्याच वर्षी पाळीवरच्या एका पोरीचं चौदाव्या वर्षी लग्न लागलं. मी आडवी गेले, तर तिचा बाप म्हणाला, अठरा पूर्ण आहेत. कागद त्याच्याकडे नव्हता आणि माझ्याकडेही नव्हता. ती पोरगी गेली. म्हणून हे काम मी मनापासून करत होते, हे आधी सांगते.

या कामाच्या बाराव्या दिवशी दुपारी मी पंचायतीत बसून राहिलेल्या नोंदी बघत होते. गोपाळराव पलीकडच्या टेबलावर शिक्के मारत होते. एका पानावर दिसलं : मुलगी, जन्म ऑक्टोबर नव्याण्णव, वडील ताराचंद, आई रंजू. नावाची जागा कोरी.

ताराचंद माझा दीर. रंजू माझी धाकटी जाऊ. त्यांची दीड वर्षाची स्वाती त्या क्षणी भिंतीपलीकडे माझ्याच अंगणवाडीत खिचडी खात होती.

ही नोंद इथे असायला नको होती. रंजूचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, अर्जुनीकडे. आमच्या लहानपणी साकोली ओलांडून कितीही पुढे गेलं तरी भंडारा जिल्हाच असायचा. नव्याण्णवच्या मे महिन्यात जिल्हा तुटला आणि रंजूचं माहेर गोंदियात गेलं. जन्म जिथे, नोंद तिथे, असा नियम. तिकडच्या ग्रामसेवकाने ती केली होती. पण ताराचंदने आनंदाच्या भरात इथेही येऊन सांगितलं आणि गोपाळरावांनी लिहून घेतलं. एका पोरीच्या दोन जिल्ह्यांत दोन नोंदी, दोन्हीकडे नाव कोरं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की ही दुबार आहे, कापा.

मी म्हटलं नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा ताराचंद दोन वर्षांचा होता. सासू अंथरुणाला खिळलेली, त्याला मीच कडेवर वाढवला. मला मूल झालं नाही. पण मुलगी झाली असती तर तिचं नाव ठरलेलं होतं, बकुळा. माझ्या माहेरच्या शाळेमागे ते झाड होतं. अठ्ठावीस वर्षं मी ते नाव माझ्या नवऱ्यालाही, धनीरामलाही, सांगितलं नव्हतं. रंजूच्या लेकीच्या बारशाला मात्र ते तोंडातून निघालं. बाया हसल्या. रंजू म्हणाली, "म्हातारीचं नाव आहे जी बाई हे. लोक म्हनतील, पोरगी बिनदातांचीच आली अन् बिनदातांचीच राहीन." मीही हसले. नाव स्वाती ठेवलं.

लग्नाला वर्ष होत नाही तर तिच्या मांडीवर मूल. रंजूचा पदर दुधाने ओला झालेला दिसला की मी तोंड फिरवून तलावाकडे बघायची. ती वाईट नव्हती. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

कोऱ्या जागेत मी स्वच्छ अक्षरात लिहिलं : बकुळा. गोपाळरावांनी न वाचता सही केली. पहिला दाखला फुकट मिळायचा, तोही त्यांनी माझ्याच हाताने लिहून घेतला. मी तो घरी नेला आणि पेटीत साडीच्या घडीत ठेवला. दुपारी घरात कोणी नसलं की काढून वाचायची. आईच्या नावापुढे रंजू होती. ते नाव झाकेल असं मी तिथे बोट ठेवायची.

महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आम्ही लेकरांची वजनं घ्यायचो. आढ्याला घड्याळासारखा गोल काटा टांगलेला, खाली कापडी झोळी. झोळीत लेकरू बसवायचं, आकडा वाचायचा, कार्डावर टिंब द्यायचं. जूनच्या गुरुवारी शेवटी स्वाती बसली. मे महिन्यात ती साडेनऊ किलो होती. आता आठ भरली. मी दोनदा बघितलं. रंजूने तिला उचलून घेतलं, झोळी रिकामी झाली, आणि काटा शून्यावर गेला नाही. दीड किलोवर थांबला.

मी झोळी काढली. काटा शून्यावर आला. झोळी अडकवली. दीड किलो. कापडाला एवढं वजन नसतं. मी बाहेरून दुसरं लेकरू आणून बसवलं, त्याचं वजन सकाळइतकंच भरलं. काटा बिघडला नव्हता.

जुलैत स्वाती साडेसहा भरली. रिकामी झोळी तीन किलो.

झोळी लोंबत नव्हती. तिचा तळ गोल ताणलेला होता, दोन्ही पाय सोडून कोणी बसल्यासारखा. आमची मदतनीस पार्वताबाई भांडी घासता घासता उठली, जवळ आली आणि हात न लावता मागे सरली. "बाई," ती म्हणाली, "हा काटा कोनाले तोलून राहिला?"

मी तिला खिचडी उतरवायला पाठवलं आणि झोळीखाली हात धरला. कापड कोमट होतं.

त्या दिवशी मी एक नवीन कार्ड काढलं. नाव बकुळा. जूनचं टिंब दीडवर, जुलैचं तीनवर. रंजूच्या पोरीची रेघ खाली चालली होती आणि माझ्या पोरीची वर. मला भीती वाटली, हे खरं. पण त्या रेघेकडे बघताना मला जे वाटलं ते भीती नव्हतं, हेही खरं आहे. पहिल्यांदाच रंजूकडे काहीतरी कमी होत होतं आणि माझ्याकडे वाढत होतं.

रंजूने पोरीला पवनीला डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं, जंताचं औषध दिलं, अंडी खाऊ घालायला सांगितलं. काही निघालं नाही. ती माझ्या ओसरीवर येऊन बसली. रडली नाही, नुसती पोरीचे पाय दाबत राहिली.

"खाते तं सारं, बाई," ती म्हणाली. "मंग जाते कुठी?"

मी म्हटलं, पावसाळ्यात लेकरं उतरतात, भरून येईल.

स्वाती आता अंगणात खेळताना हातातली भाकर मोडायची आणि अर्धी बाजूला पुढे करायची. तिथे कोणी नसायचं. तिची माय तिला हाक मारायची, "स्वाती", तर ती वळून आपल्या शेजारी बघायची, कोणाला बोलावतात म्हणून. मी एकदा भिंतीआडून हळूच "बकुळा" म्हटलं. ती बघायला लागली माझ्याकडे, आणि ओ द्यायला तिने तोंड उघडलं. मी घरात निघून आले.

तेव्हाच गोपाळरावांकडे जायला हवं होतं. मी ऑगस्टच्या गुरुवारची वाट पाहिली. मला एक टिंब आणखी हवं होतं.

ऑगस्टमध्ये स्वाती पाच किलो भरली आणि रिकामी झोळी साडेचार. रंजू पोरीला एका हाताने उचलत होती, मासळीच्या रिकाम्या टोपलीसारखी. पोरीची मान तिच्या खांद्यावर टेकलेली होती आणि डोळे झोळीकडे होते.

त्याच दुपारी मी गोपाळरावांना सगळं सांगितलं. काट्याचं सांगितलं नाही, नोंदीचं सांगितलं. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"तुमी असं काहून केलं, जमुनाबाई? तुमी तं शहान्या."

ते म्हणाले, आता माझ्या हाताने कापता येत नाही, शिक्का पडला आहे. वर लिहावं लागेल. दोन जिल्ह्यांचं प्रकरण, दोन्हीकडचे कागद मागवतील. नोंद दुरुस्तीवर साहेबांचा जोर आहे, त्यामुळे लवकर होईल. पोरगी एक, तर नोंदही एकच राहील.

अर्ज मीच लिहिला. माझं अक्षर चांगलं होतं. दुबार नोंद रद्द व्हावी, एवढं लिहिलं. कुठली, ते लिहिलं नाही. मला वाटलं, ते सांगायची गरजच नाही.

सप्टेंबरच्या गुरुवारी रंजू पोरीला घेऊन आलीच नाही. पार्वताबाईने झोळी अडकवायला नकार दिला आणि मीही आग्रह केला नाही. रोज दुपारी मी पंचायतीच्या दारात जाऊन टपाल आलं का विचारत होते. स्वाती आता ओसरीवर फडक्यात पडून असायची. तिच्या अंगावरून माशी गेली तरी फडकं हलत नव्हतं.

पत्र महिनाअखेरीला आलं. गोपाळरावांनी मला हाक मारून दाखवलं. ते खूश होते. साहेबांनी दोन्हीकडच्या नोंदी मागवून तपासल्या होत्या. माहेरच्या नोंदीत लेकराचं नावच नव्हतं, अपूर्ण होती. आमची पूर्ण होती. म्हणून आमची कायम केली. अर्जुनीकडची रद्द.

"मिटलं जी बाई," गोपाळराव म्हणाले. "एकच राहिली."

मी पाळीवरून घराकडे निघाले.

रंजूच्या अंगणात पाण्याचा आवाज येत होता.

ती दगडावर बसून पोरीला आंघोळ घालत होती. पोरगी गुटगुटीत होती. पोट पुढे, मांड्यांना वळ्या. पाणी अंगावर पडलं की खिदळत होती.

मी म्हटलं, "स्वाती बरी दिसते वं."

रंजूने वर पाहिलं. "कोन स्वाती?"

मग ती हसली. "बकुळा, पाय मांगं घे. मोठी मायच्या लुगड्यावर पानी उडून राहिलं."

मी खाली बसले आणि पोरीचा डावा दंड हातात घेतला. जन्मानंतर दीड महिन्याने स्वातीला क्षयाची लस माझ्यासमोर टोचली होती. नर्सबाईंना मीच बोलावलं होतं, मीच पोरीला धरलं होतं. ती जागा पिकली, मग तिथे गोल व्रण पडला. गावातल्या प्रत्येक लेकराचा तो व्रण मी तपासत असे.

हा दंड गुळगुळीत होता. मी उजवाही पाहिला.

पोरीने माझ्याकडे बघितलं, ओळखीचं हसली, आणि मायच्या गळ्यात हात टाकले.

अंगणवाडीत स्वातीचं कार्ड नव्हतं. रजिस्टरात तिची हजेरी नव्हती. पार्वताबाईला काट्याचं काही आठवत नव्हतं. बारशाची गोष्ट निघाली की पाळीवरच्या बाया सांगतात, नाव जमुनाबाईने सुचवलं, आम्ही हसलो, पण रंजूने तेच ठेवलं. ताराचंदही तेच सांगतो. कागदावर आईच्या जागी रंजूच आहे, त्यामुळे बकुळा तिचीच लेक राहिली. माझ्या ओसरीवर ती कधीमधी यायची, पाहुणी आल्यासारखी.

कागद पक्का असल्यामुळे तिचं पुढे सगळं वेळेवर झालं. शाळेत वयाची अडचण आली नाही, बारावीआधी लग्नाचं कोणी काढलं नाही. आता ती तुमसरला नोकरी करते आणि सणाला येते. धनीराम गेला. मी बहात्तर वर्षांची आहे. स्वाती नावाची पोर होती, हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही, असं मी पुष्कळ वर्षं धरून चालले होते.

ते पत्र आलं त्याच वर्षी रंजूचे केस पांढरे झाले, वीस-एकविसाव्या वर्षी. दुपारी चारच्या सुमारास अंगणात ऊन उतरलं की ती दगडावर बसते, गुडघे थोडे फाकवते आणि फणी घेते. स्वतःच्या डोक्याला लावत नाही. गुडघ्यांच्या मधे, दोन वर्षांचं लेकरू पाठ करून उभं राहील तेवढ्या उंचीवर, ती फणी हळूहळू खाली ओढते. मधेच थांबून डाव्या हाताने काहीतरी सरळ धरते. भांग पाडते. मी एकदा विचारलं, काय करून राहिली वं? ती म्हणाली, काई नाई जी, हाताले सवय आहे.

मी माझ्या ओसरीवरून बघते आणि अजूनही माझा जीव जळतो. तिची एक तुमसरला आहे आणि एक रोज चार वाजता येते. माझ्याकडे कोणीच येत नाही.

वेणी झाली की ती फणीत अडकलेले केस काढते, बोटाभोवती गुंडाळते आणि भिंतीच्या फटीत खोचते. काल ती पाण्याला गेली तेव्हा मी जाऊन ती फट पाहिली. तिच्यात पांढरा केस एकही नाही. सगळे काळे, बारीक आणि मऊ आहेत, आणि वरच्या गोळ्याला अजून तेलाचा ओलावा होता.