खमरियातला हाका

जबलपूरजवळच्या खमरियात दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या चाचणीचा धमाका झाला तर कुणी चहाचा कपसुद्धा खाली ठेवत नाही. विष्णुपंतांचा उभा जन्म त्या कारखान्यात गेलेला. निवृत्तीनंतरही ते त्या धमाक्यावर घड्याळ लावायचे. पौषातल्या एका सकाळी मात्र त्यांनी कप खाली ठेवला. खिडकीच्या काचा थरथरल्या, बशीतला चहा हलला, कावळे उडाले. पण आवाज आलाच नाही.

"काय झालं बाबा?" सून क्षमाने विचारलं.

"कुठं काय?" म्हातारपणी कान जातात हे सुनेसमोर कोण कबूल करणार! पण क्षमाने तरी तो धमाका कुठे ऐकला होता? पुढे अख्ख्या जबलपूर शहराचे आवाज कसे गेले ते सगळ्यांना ठाऊक आहे. ही त्याच्या आधीची गोष्ट, खमरियाच्या टोकाच्या एका घरातली.

त्या घरात विष्णुपंतांची सात वर्षांची नात चिन्मयी म्हणजे चालता-बोलता भोंगा. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, झोपेतसुद्धा बडबड. त्याच आठवड्यात रविवारी ती घरामागच्या झुडपांत बोरं वेचायला गेली. विष्णुपंत ओट्यावर ऊन खात बसले होते. तिने तिकडून "आबा" अशी हाक मारली आणि ती अर्ध्यावरच तुटली. पोर धावत आली. फ्रॉकच्या ओच्यात बोरं होती, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, तोंड वासलेलं. हुंदका मात्र एकही ऐकू येत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. पुण्याला नोकरीला असलेला तिचा बाप अनुपम रोज फोनवर "चिनू, बोल ना बेटा" म्हणायचा, आणि ती फोनला कान लावून नुसते ओठ हलवायची. क्षमा स्वयंपाकघरात जाऊन रडायची. विष्णुपंतांना ते पाहवेना.

त्यांच्या घराण्यात भोसल्यांच्या शिकारखान्याची चाकरी होती. शिकारबंदीच्या आधी कोवळ्या वयात त्यांनी स्वतः मंडल्याची जंगलं तुडवली होती. माग काढणं हातापायांत होतं. ते झुडपांत शिरले. सगळं गवत दवाने ओलं होतं, एक जागा तेवढी कोरडी. कुणीतरी बसून उठावं तसं गवत दबलेलं. पण येण्याची वाट नव्हती आणि जाण्याचीही नव्हती. त्यांनी तिथे दगड टाकला. पडल्याचा आवाज झाला नाही.

पुंडलिक त्यांचा कारखान्यातला जुना सोबती. त्याची बकरी त्यांनी आमिष म्हणून तिथे बांधली. सकाळी जाऊन बघतात तर बकरी जिवंत, मजेत पाला खात होती. मान हलवली की गळ्यातली घंटा हलायची, पण वाजायची नाही.

"पंत, हे बिबट्याचं काम नाही."

"बिबट्याने बकरी ठेवली असती काय?"

"मग कोणत्या जंगलातून आलं हे?"

"जंगलातलं नाही रे. ह्या पृथ्वीवरचंच नाही." बोलून गेल्यावर विष्णुपंतांना स्वतःच्याच शब्दांची भीती वाटली.

पुंडलिकने बकरीचं दावं सोडलं. "अच्छा. मग मारून काय भेटणार?"

"बिबट्याचं पोट फाडलं की गिळलेले पैंजण निघतात. मी पाह्यलंय. माझ्या नातीचा आवाजही निघेल."

क्षमा मागे उभी होती. "बाबा, मला मुलगी बोलायला पाहिजे. शिकार नको."

"त्याच्यासाठीच तर करून राहिलो ना!" विष्णुपंत म्हणाले.

आणि त्यांनी तेच केलं जे त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या करत आले होते. हाका घातला. एका बाजूने माणसांनी गोंगाट करत रान उठवायचं, दुसऱ्या बाजूला बंदूक घेऊन बसायचं. दुपारी सगळी वस्ती आली. डबे, थाळ्या, एक ढोल. पुंडलिक सगळ्यांच्या पुढे. विष्णुपंत परवान्याची बंदूक घेऊन नाल्याच्या काठाला बसले.

"हो! हो! हो!" रान दणाणलं.

मग डाव्या टोकाचा आवाज बंद झाला. गल्लीगल्लीने वीज जावी तसा तो पुढे पुढे विझत गेला. झुडपांवरून माणसांचे हात दिसत होते. काठ्या डब्यांवर पडत होत्या. ढोलावर टिपरी पडत होती.

काहीही ऐकू येत नव्हतं.

तेव्हा कुठे विष्णुपंतांच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्याला मारायला निघालो त्याला आपण आवाजांची पंगत वाढली.

समोरचं गवत दबलं. त्यांनी चाप ओढला. खांद्याला दणका बसला, धूर निघाला. बाराचा आवाज झालाच नाही.

गवत जरा थांबलं. मग वळलं.

पोट भरलेलं जनावर शिकाऱ्याकडे येत नाही. ते रिकामी, शांत जागा बघून पडून राहतं. विष्णुपंतांना हे माहीत होतं. गवत कुणाच्या घराकडे दबत चाललंय ते त्यांनी पाहिलं आणि बंदूक टाकून ते पळाले.

ओट्यावर चिन्मयी उभी होती, शेजारी क्षमा. इथे चिमण्या ऐकू येत होत्या. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. विष्णुपंतांच्या जिवात जीव आला.

चिन्मयीने तोंड उघडलं.

आधी डबे वाजले. मग थाळ्या, मग ढोल. मग साऱ्या वस्तीचा तो "हो! हो! हो!" तिचे ओठ हलत नव्हते.  क्षमाने मुलीला पोटाशी घट्ट धरलं.

हळूहळू सगळं शांत झालं. पुंडलिक धापा टाकत फाटकात येऊन उभा राहिला होता. धापांचा आवाज नव्हता. त्याचा हात गळ्यावर होता.

"पाणी द्या ना बाई," चिन्मयी पुंडलिकच्या आवाजात म्हणाली. "लय तहान लागून राहिली."

फाटकात पुंडलिकने मान डोलावली. त्याला खरंच तहान लागली होती.

क्षमा आत गेली, पेला भरून घेऊन आली. तिने एकदा फाटकाकडे पाहिलं. आवाज कुणाचाही असो, मुलगी बोलली होती. तिने पेला तिच्या ओठांना लावला.