कुंकवाशी अडलं

बिरदेव मला पहिल्यांदा भेटला तो शिरूरमध्ये, ‘रूम फक्त फॅमिलीला’ या पाटीखाली. मालकानं आधी त्याला सडाफटिंग म्हणून हाकललं आणि मागोमाग मला, एकटी बाई म्हणून. आम्ही एकमेकांकडे पाहिलं… आणि चक्क हसलो.

मला मात्र रूम हवीच होती. नवरा अपघातात गेल्यावर मी कंपनीत लागले, मैत्रिणीच्या खोलीत राहिले. आता तिचं लग्न ठरलं. रूम मिळाली नाही तर नोकरी सोडून भांडगावला, सासरी. तिथं मला कोणी अक्षदा म्हणून हाकही मारत नाही, मी फक्त गेलेल्याची बायको.

बिरदेव माझ्याच कंपनीच्या बसनं कामाला यायचा. बोलणं वाढत गेलं, आणि एक दिवस त्यानंच सुचवलं की सरूबाई म्हणून एक घरमालकीण आहे, तिची रूम रिकामी आहे, तो नवरा म्हणून येईल. चाकणला असतो, सुट्टीलाच येतो, असं सांगायचं. मग बसमध्ये आमची तालीम सुरू झाली. लग्न कुठं झालं, सासू कशी आहे.

“आन् मला अहो म्हणायचं,” तो म्हणाला.

“तोंड बघा अहोचं…”

रूम बघायच्या दिवशी मी बाजारातले काळे मणी गळ्यात घातले. त्यानं पाहिलं आणि नजर वळवली. मला तेव्हा रूमपेक्षा तोच हवासा वाटला, आणि माझीच मला भीती वाटली.

सरूबाईंनी रूम दाखवली, नळ सोडून दाखवला. आम्ही पसंत पडलो. खिळ्यावरची किल्ली काढून त्या म्हणाल्या, सवाशीण पहिल्यांदा घरात आली, तशी कशी पाठवू. आणि करंडा घेऊन आल्या. हे तालमीत नव्हतं.

टिकली मी एरवीही लावते. पण कुंकू नवऱ्याच्या नावाचं. त्यांचं बोट कपाळाशी आलं आणि मी मान मागं घेतली.

“मावशी, मला नवरा न्हाई. हे माझं कुणी न्हाईत.”

सरूबाईंनी करंडा बंद केला. किल्ली परत खिळ्याला अडकवली.

बाहेर गाडीपाशी बिरदेव चिडला होता. “किल्ली हातात येत हुती. कुंकवानं काय झालं असतं?”

“तुझ्या नावाचं खोटं लावलं आन् तुला काय झालं तर? मला परत न्हाई सोसायचं.”

तो गाडीला किक मारायचं विसरला. हळूच म्हणाला, “मग खरं लाव की…”

मला रडू आवरेना. मी मणी काढून त्याच्या हातात ठेवले. “उद्या मी भांडगावला चाललेय. सासऱ्यांसमोर येऊन मला माग.”

“मारत्याल.”

“व्हय.”

त्यानं मणी वरच्या खिशात टाकले, खिशाचं बटण लावलं. “गावात कुणाचं घर म्हणून इचारू?”

सासऱ्यांचं नाव ओठावर आलं होतं.

“अक्षदाचं,” मी म्हणाले.