गरम, पण ओलं

लाँड्रीच्या पायरीवर कॉलीनचा पाय बर्फावरून सटकला. ती सावरली, पण हातातली टोपली समोरून येणाऱ्या माणसावर उपडी झाली. त्याने एक चादर खांद्यावरून काढली, दुसरी डोक्यावरून.

“लग्नात डोकं झाकायचा मान नवरीचा असतो,” तो म्हणाला. “आणि त्याआधी नाव तरी विचारतात.”

कॉलीनला एरवी हसू आलं असतं. पण गेल्या कित्येक आठवड्यांत ती हसलीच नव्हती. ती चादरी गोळा करू लागली. तो मात्र हातातली चादर सोडेना. बोटांनी चाचपत राहिला. थंडीत तिच्यातून वाफ निघत होती.

“ही ड्रायरमधून काढून आणलीत?”

“दोनदा फिरवून.”

“गरम आहे… पण ओली.”

“ते मला माहीत आहे. म्हणून तर इथे आणते. रोज.”

तिचा आवाज जरा चिरकला. त्याने नजर उचलून नीट पाहिलं तिच्याकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावरची चेष्टा मावळली.

त्याचं नाव गॅरेट. खाडीपलीकडचा. बरीच वर्षं देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टात, तेलाच्या खाणींवर कामाला होता. वडील वारले, म्हणून त्यांचं घर विकायला न्यूफाउंडलंड बेटावर परत आला होता. कॉलीनही परतच आली होती, सेंट जॉन्स शहरातली नोकरी सोडून. तिची आई, ॲग्नेस, झटका आल्यापासून अंथरुणाला खिळलेली. एक अंग गेलेलं, पाठीला जखमा. नर्स दर खेपेला बजावून जायची की चादर कोरडी हवी, दमट चादरीने जखमा चिघळतील. आणि घरातला ड्रायर तासन्‌तास घरघरून चादरी तशाच दमट हातात द्यायचा. बाहेर वाळत घालायची सोय नाही. एक तर धुकं, नाहीतर बर्फ.

“मी बघू का येऊन?” गॅरेटने विचारलं.

“तुम्ही दुरुस्तीची कामं करता?”

“नाही. पण घराला गिऱ्हाईक येत नाही, आणि एकट्याने भिंतींकडे तरी किती बघायचं?”

तळघरात त्याने ड्रायर चालू केला, दारावर हात ठेवला, आत डोकावला.

“फिरतोय. तापतोयही. म्हणजे गरमी कमी नाही. ओली हवा बाहेर जात नसणार. कपडे आपल्याच वाफेत शिजतायत.”

“कापूस अडकतो ती जाळी मी दर वेळी साफ करते,” कॉलीन म्हणाली. तिला ते उगाचच लागलं होतं.

“दिसतंय ते. जाळीच्या पुढचं कोण करतं?”

“पुढे काय आहे?”

तो तिला घराच्या मागच्या भिंतीपाशी घेऊन गेला. गुडघाभर बर्फ उपसल्यावर एक छोटी झडप दिसली. घट्ट मिटलेली. ड्रायर आत घरघरत होता, पण झडपेसमोर धरलेल्या तिच्या तळहाताला हवेची झुळूकसुद्धा लागेना. त्याने बोटाने झडप उघडून धरली, तरी नाही.

मग त्याने ड्रायरची वायर काढली, धूड भिंतीपासून ओढलं आणि मागचा पाईप सोडवला. पाईप भिंतीशी दबून चपटा झाला होता आणि आतून करड्या कापसाने ठासून भरला होता. कपड्यांवरून झडलेली लव, थरावर थर. गॅरेट मुठीमुठीने ओढत होता. ड्रायरच्या बाजूचा बोळा निघाला तेव्हा तो थांबला. तो बोळा तपकिरी होता, कडेला काळा. करपल्याचा वास आला.

“कॉलीन,” तो हळूच म्हणाला, “हे पेटलं असतं.”

वरच्या मजल्यावर आई होती. कूस बदलायलासुद्धा जिला दुसऱ्याचे हात लागत. कॉलीन जिन्याच्या पायरीवर बसली.

“हे बाबा करायचे,” ती म्हणाली. “थंडी सुरू व्हायच्या आधी दर वर्षी इथे काहीतरी खुडबुड करत बसायचे. आम्हाला वाटायचं, आईला चुकवून सिगरेट ओढतात… ते गेल्यापासून कुणी केलंच नाही. कुणाला माहीतच नव्हतं, हे एक काम आहे म्हणून.”

वडिलांच्या मातीला ती रडली नव्हती. आईला सांभाळायचं होतं. आता रडली. गॅरेटने समजूत घातली नाही. पाठमोरा राहून कापूस ओढत राहिला.

“रडून घे,” तो म्हणाला. “इथे ओल तशीही आहेच.”

तो एकेरी ‘तू’ तिच्या कानात राहिला. तिने दुरुस्त केला नाही.

त्याने पत्र्याचा नवा पाईप आणला, आखूड आणि सरळ. संध्याकाळी पहिली चादर बाहेर आली ती कोरडी, हलकी. कॉलीनने ती आईच्या अंगाखाली घातली. ॲग्नेसने चांगल्या हाताने ती कुरवाळली.

“उन्हातली… वाटते,” ती अडखळत म्हणाली.

त्यानंतर गॅरेट रोज येऊ लागला, झडपेसमोरचा बर्फ काढायला. काम झालं की स्वयंपाकघरात चहा, पावावर काकवी, आणि इकडच्या तिकडच्या गप्पा. कप घेताना बोटं लागायची… दोघंही खिडकीबाहेर बघायची.

“काल बर्फ पडला?” एकदा आईने अंथरुणातून विचारलं.

“नाही.”

“परवा?”

“नाही, आई.”

“मग हा पोरगा… फावडं घेऊन… कुणाला उकरतोय?”

खोलीच्या दारात उभा गॅरेट कानापर्यंत लाल झाला. कॉलीन हसली, मोठ्याने, आणि मग आपल्याच आवाजाने दचकली.

आईच्या जखमा भरल्या नाहीत, पण वाढल्याही नाहीत. मार्चमधल्या एका दुपारी कॉलीन गरम चादर छातीशी धरून वर आली, तर ॲग्नेस गेलेली होती. डोळे खिडकीकडे. कॉलीनने तरीही ती चादर तिच्यावर पांघरली, कडा नीट खोचल्या, आणि चादर गार होईपर्यंत तिच्यापाशी बसून राहिली.

मातीला अर्धं गाव आलं. आठवड्याभरात येणं थांबलं. गॅरेट आला तेव्हा ती चर्चला द्यायच्या चादरी काढून बसली होती. त्याने न विचारता एकीची दोन टोकं धरली. ताणायची, जवळ यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा लांब.

“घराला गिऱ्हाईक आलं,” तो म्हणाला.

चादर सैल पडली. “म्हणजे चाललास.”

“मी त्याला नाही म्हणून सांगितलं. घर ठेवतोय. पण नोकरी तिकडेच आहे, कॉलीन. इथे काम नाही. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी… असंच चालेल. कदाचित कायम. त्या एका आठवड्यात मला या दारात यायचंय. बर्फ असो, नसो.”

ती चादरीवरची न दिसणारी सुरकुती हाताने सपाट करत राहिली.

“माझे बाबा मासेमारीला जायचे,” ती म्हणाली. “आई खिडकीशी बसायची. उन्हाळेच्या उन्हाळे. मी लहानपणी ठरवलं होतं, मी अशी बसणार नाही.”

“कळलं.”

“नाही कळलं. ते तीन आठवडे मला नकोसे होतील. प्रत्येक वेळी. फोनवर तुझ्याशी भांडेन.”

“म्हणजे नाही?”

“नकोसे होतील म्हटलं मी, गॅरेट. नाही म्हटलं नाही.”

तो दोन पावलं पुढे आला आणि आपल्याकडची टोकं तिच्या हातात दिली. हात मात्र काढून घेतला नाही.