पाचव्या खोलीची खिडकी

घरं उबदार ठेवणारी यंत्रं दुरुस्त करण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. कंपनीतले लोक तिला मीटरबाई म्हणत, कारण मीटरने दाखवल्याशिवाय ती कशावरही विश्वास ठेवत नसे. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की ती म्हणे, "आधी त्याचं तापमान सांगा, मग बोलू."

त्या घरची तक्रार तशी साधी होती. एक निवृत्त शिंपी आणि त्यांची मुलगी, दोघंच राहत. शिंपीकाका नुकतेच न्यूमोनियातून उठले होते, आणि नेमकी त्यांचीच खोली तापत नव्हती. पाणी तापवणारा बॉयलर मात्र दिवसभर धडधडत होता.

खोल्यांचं तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट बैठकीच्या खोलीत होता. पांढरा, तळहाताएवढा, बिनतारी. प्रत्येक खोलीत गरम पाण्याचा रेडिएटर, त्याला एकेक व्हॉल्व्ह होता आणि किती उष्णता हवी ते तो हवेतूनच याला कळवायचा. मीटरबाई बटण दाबत एकेक खोली बघू लागली. एक, बैठक, वीस अंश. दोन, स्वयंपाकघर, एकोणीस. तीन, मुलीची खोली, अठरा. चार, काकांची, चौदा. सवयीने तिने बटण आणखी एकदा दाबलं.

पाच. सहा अंश. शेजारी उघड्या खिडकीचं चिन्ह.

"पाचवी खोली कुठली?"

"चारच खोल्या आहेत हो," मुलगी म्हणाली.

शेजारच्या घराचा एखादा व्हॉल्व्ह चुकून जोडला गेला असेल, असं मीटरबाईला वाटलं. ती विचारून आली. शेजारी विजेचे हीटर होते, व्हॉल्व्हचा पत्ताच नव्हता. मग तिने पाच नंबर पुसून टाकला, बॅटऱ्या बदलल्या आणि काकांच्या खोलीत सोळा अंश होईपर्यंत बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "ताई, तो पाच नंबर परत आलाय. आणि बाबांचा खोकला वाढलाय."

ती सकाळी अकराला पोचली. काका पलंगावर कोट घालून बसले होते, वर दोन ब्लँकेटं. खोलीत बारा अंश. एवढ्या गारठ्यात आजारी माणसाचं काय होतं, ते मीटरबाईला कुणी सांगायला नको होतं. तिचे वडील असेच गेले होते.

तिने थर्मोस्टॅट भिंतीवरून उतरवला आणि हातात धरून सगळं घर पालथं घातलं. माळा, तळघर, मागचं अंगण. व्हॉल्व्हच्या जवळ गेलं की सिग्नलच्या रेघा वाढतात, लांब गेलं की कमी होतात. पाचव्या खोलीची एकच रेघ होती. ती कुठेही वाढली नाही, कुठेही कमी झाली नाही.

"हा हात कसला?" मुलीने थर्मोस्टॅटच्या पडद्यावर बोट ठेवलं. पाचच्या शेजारी एकवीस अंशांची मागणी होती आणि तिच्यापुढे छोटासा पंजा.

"कुणी हाताने तापमान ठरवलं की येतो."

"आम्ही नाही ठरवलं."

"मग तिकडून ठरवलं असेल," मीटरबाई बोलून गेली, आणि आपलंच वाक्य तिला आवडलं नाही.

काकांच्या पलंगाशी उभं राहून तिने मागणी खाली आणली. वीस, पंधरा, दहा, पाच. मग बटणावरून बोट काढून घेतलं.

पाच अंश क्षणभर टिकले.

मग सहा झाले. थांबले. मग सात. थंडीने आखडलेल्या बोटांनी कुणी चाचपडत दाबावं, तसा आकडा चढत गेला. एकवीसवर येऊन थांबला.

तिने पुन्हा खाली आणला. या वेळी तिचं बोट बटणावरच होतं. आकडा आठ आणि नऊच्या मध्ये थरथरत राहिला.

"सोड गं पोरी," काका म्हणाले. "खिडकी उघडी राहिलीय त्याची. गारठला असेल."

"कोण, बाबा?" मुलीने विचारलं.

काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मीटरबाईने हिशेबी विचार केला. पाचव्या खोलीची हौस भागली की तिथला व्हॉल्व्ह बंद होईल, म्हणजे चौथीला उष्णता मिळेल. यात भुताचा काय संबंध? तिने पाचवर पंचवीस अंश लावले आणि खुर्ची ओढून बसली.

सहा. नऊ. तेरा. दुपारी एकच्या सुमाराला खिडकीचं चिन्ह नाहीसं झालं. खिडकी लागल्याचा आवाज कुणालाच आला नाही.

एकवीस झाले तेव्हा पंचविसाची मागणी आपोआप एकवीसवर आली. कुणी 'पुरे' म्हणावं तशी.

त्यानंतर काकांची खोली तापू लागली. दुपार सरेस्तोवर काकांनी कोट काढला. मुलीने डोळे पुसले. मीटरबाईने अहवालात लिहिलं, 'जोडणीतला दोष दूर केला.' बावीस वर्षांत तिने अहवालात खोटं कधी लिहिलं नव्हतं.

महिन्याभराने पुन्हा फोन आला. बाबा हिंडूफिरू लागले होते, घर छान उबदार होतं. फक्त पडद्यावर एक नवीन चिन्ह दिसत होतं.

ती भर दुपारी गेली. पडद्यावर छोटंसं रिकामं घर होतं.

"घरात कुणी नसलं की येतं," ती म्हणाली. "याला डोळा असतो. समोरून माणूस गेलं की त्याला कळतं."

"पण आम्ही तर इथेच असतो."

काका समोरून चालत गेले. रिकामं घर. मुलगी गेली. रिकामं घर. मीटरबाईने थर्मोस्टॅटचा डोळा फडक्याने पुसला आणि त्याच्यासमोर हात हलवला.

रिकामं घर.

तिने बटण दाबलं. दोन, तीन, चार, सगळीकडे तेच. पाचवर मात्र चिन्हातल्या घरात एक माणूस होतं.

"डोळा बिघडलाय," ती म्हणाली. "नवीन पाठवते."

मुलगी दारापर्यंत सोडायला आली आणि उगाचच तिचा हात हातात धरून उभी राहिली.

परतताना मीटरबाई पाव घ्यायला कोपऱ्यावरच्या दुकानाशी थांबली. समोर माणूस आलं की तिथलं काचेचं दार आपोआप उघडायचं. आज उघडलं नाही. ती एक पाऊल मागे सरली, पुन्हा पुढे झाली. आत गल्ल्यावरची बाई मान खाली घालून पिशव्या लावत होती.

थोड्या वेळाने मागून एक माणूस आला. दार उघडलं आणि तो आत गेला. ती घाईने त्याच्या पाठोपाठ निघाली.

ती अजून उंबऱ्यातच होती, तेव्हा दार मिटू लागलं.