एकदाच विचारलेलं

प्राची जळगावच्या त्या ऑफिसात पहिल्याच दिवशी नेमकी कूलरसमोरच्या खुर्चीत बसली. खुर्चीचा धनी, धुळ्याचा प्रशील, भरिताचा डबा घेऊन मागे उभा.

"बसा, बसा... वरणगावच्या लोकांना गार हवेची सवय नसते."

"आणि धुळ्याच्या लोकांना बोलण्याची?"

प्रशील हसला. खुर्ची गेली, निम्मं भरीतही गेलं. तोट्याच्या व्यवहारात माणूस एवढा खूश दिसला, की बघणाऱ्यानं काय ते ओळखावं!

दोघं मिळून केळीच्या भावाचं ॲप घडवत होते. दिवाळीआधी जिन्यात त्यानं विचारलं, "माझ्या घरचे तुमच्याकडे... येऊ देत?"

प्राचीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आत्ता नको. आधी सपनाताईचं होऊ दे."

फेब्रुवारीत ताईचं लग्न झालं. प्रशील आला, पंगतीत वाढायला लागला, ताई निघाली तेव्हा रडलासुद्धा. पुन्हा विचारलं मात्र नाही. प्राची रोज नीटनेटकी होऊन कूलरसमोर बसे. आपणहून बोलायचं? छे! मान तिलाही होताच की.

मे महिन्यात व्यापाऱ्यांची बोंब आली— ॲपवर भाव जुनाच दिसतो. प्रशील स्टूल ओढून तिच्या शेजारी बसला. प्राचीला दुखणं लगेच सापडलं.

"सर्व्हरकडून भाव आणायला क्लायंटचा कोड आहे ना? तो ताजा भाव आणतो, जवळ सांभाळतोही. मग पहिल्यांदा आलेला भाव तू ॲपच्या सामायिक साठ्यात, त्या स्टोअरमध्ये, वेगळा कशाला उतरवलास? ॲपचे सगळे स्क्रीन तुझी ती जुनी प्रतच दाखवतायत."

"सारखं सारखं काय विचारायचं? एकदा उत्तर मिळालं की..."

तो थांबला. तिच्या बोटातली अंगठी त्याला आत्ता दिसली.

"हे... कधी?"

"रविवारी. जामनेरचा मुलगा आहे."

"पण तू तर म्हणालेलीस, आत्ता नको—"

"ते दिवाळीचं होतं, प्रशील."

"मग सांगायचंस ना मला!"

"ताईच्या पंगतीत बाबांनी तुझ्याकडे बघून विचारलं, हा कोण गं? मी म्हटलं, ऑफिसातला. दुसरं काय म्हणणार होते?"

तिनं स्टोअरमधली प्रत काढून टाकली, स्क्रीन थेट क्लायंटच्या कोडला जोडले. भाव क्षणात बदलला.

"प्राची... आता विचारलं तर?"

ती उठली. पर्स खांद्याला लावली, कूलरचं तोंड त्याच्याकडे वळवलं.

"बस तुझ्या खुर्चीत. एक तारखेपासून मी येणार नाहीये."