उशीवर पाय

शाळेला सुट्टी लागली की आईबापांच्या डोक्यावर एक जबाबदारी येऊन बसते. मुलांना काहीतरी 'दाखवायचं'. काय बघायचंय हे मुलांना कोणी विचारत नाही. पानं गळायला लागली, हवा कोरडी झाली, की सगळे आपापली पोरं गाडीत कोंबतात आणि कुठल्यातरी मेलेल्या श्रीमंताचं घर बघायला नेतात. तिथे दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, पलीकडच्या पलंगाकडे बघायचं आणि 'केवढा मोठा, नाही?' म्हणायचं. मग खालच्या उपाहारगृहात पाण्यासारखा चहा प्यायचा आणि इतिहास समजल्याच्या आनंदात घरी यायचं.

मी विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करतो. कुठे छत गळलं, कुठे गोदाम जळलं, की मी जाऊन कारण शोधतो. कारण असतंच. पाणी, आग, उंदीर, नाहीतर खुद्द मालक. कारण नसलेलं नुकसान मी एकदाच पाहिलं. ते आमच्याच घरी झालं होतं आणि त्याच्या पाहणीला मला कोणी बोलावलं नव्हतं.

ढब्बू, आमचा धाकटा, चार वर्षांचा व्हायचा होता. गेल्या वर्षी ताप आला आणि उतरला नाही. आमची ही नर्स. तिच्याच दवाखान्यात, तिच्याच वॉर्डात, तिनेच घातलेल्या चादरीवर तो गेला. त्या दिवसापासून तिने एकही अंथरूण घातलं नाही. ही तीच बाई, जी लग्नाला गेली तरी यजमानांच्या गादीचे कोपरे पाकिटासारखे दुमडून यायची. आता आमच्या घरातल्या चादरी दोरखंडासारख्या वळून पडलेल्या असतात. नोकरी सुटल्यात जमा. बोलणं 'भात झालाय' इतपत.

मनी, आमची मुलगी, नऊ वर्षांची. या सुट्टीत तिने एकच हट्ट धरला.

"आपण जाऊ. पण आई येणार असेल तरच."

"आईला बरं नाहीये गं."

"म्हणूनच तर."

पोरीने दोन शब्दांत निकाल लावला. मी हिला विचारलं. ही 'हं' म्हणाली. तिचं 'नाही'सुद्धा 'हं'च असतं हल्ली, पण मी सोयीचा अर्थ घेतला.

बघायला गेलो ते घर टेकडीवर होतं. दगडी, तीन मजली, खिडक्या फार. दारात मुलांना सांगत होते की प्रत्येक खोलीत एक लाकडी उंदीर लपवलाय, सगळे शोधले तर बिल्ला मिळेल. मनी लगेच कामाला लागली. आत मेणाचा आणि जुन्या लोकरीचा वास होता. प्रत्येक मजल्यावर खुर्चीत एकेक बाई राखणीला बसलेली. मी सवयीने ओल कुठे आहे ते बघत चाललो होतो. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात होती. बाकी घर धडधाकट.

पहिल्या मजल्यावर मालकांची झोपायची खोली. पलंग खरंच केवढा मोठा. चादर ताणलेली, फक्त पायथ्याचा एक कोपरा सुटून लोंबत होता.

ही थांबली. मग वाकून दोरीखालून पलीकडे गेली.

"अगं!" मी दबक्या आवाजात ओरडलो. राखणीची बाई आता शिट्टी वाजवणार, याची मला खात्री होती. हिने गादी एका हाताने उचलली, कोपरा दुमडला, दाबला, हात फिरवला. पाकीट. वर्षभरानंतर मी तिचे हात तसे हलताना बघत होतो.

खुर्चीतली बाई फक्त म्हणाली, "बरं झालं. आमच्याच्याने तसा कोपरा होत नाही."

बाहेर आल्यावर मनी माझ्या कानाशी आली. "बाबा, आईने केलं!"

"बघितलं. गप. नजर नको लावूस."

दुसऱ्या मजल्याच्या बोळात काचेविना एक बुटकी फळी होती. तिच्यावर लहान मुलाचे चामडी बूट, पुढून झिजलेले. उजवा डावीकडे, डावा उजवीकडे.

"उलटे ठेवलेत," मनी म्हणाली.

हिने ते सरळ केले. "ढब्बूला शंभरदा सांगितलं तरी असेच घालायचा," ती म्हणाली. आणि हसली. "बदकासारखा चालायचा मग."

वर्षभरात ते नाव आमच्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. मी भिंतीकडे वळून एका कंटाळवाण्या तैलचित्राचं मनापासून निरीक्षण केलं. कारण सरळ होतं. बूट मांडणारा निष्काळजी होता. माझी काही तक्रार नव्हती. त्याला मी बढतीच दिली असती.

ही आता आमच्या पुढे चालत होती. कुठे खुर्ची आत सरकव, कुठे पडद्याची चूण सारखी कर. मनीला म्हणाली, "तो बघ उंदीर, घड्याळामागे. डोळे आहेत की बटणं?" मनीने इतक्या आनंदाने शिव्या खाल्लेल्या मी कधी पाहिल्या नाहीत.

वरच्या मजल्याचा जिना अरुंद होता. अर्ध्यावर मेणाचा वास संपला आणि दुसरा सुरू झाला. दुपारी झोपून उठलेल्या मुलाच्या मानेला येतो तो. घाम, दूध, उबदार उशी. मी वर बघितलं. कोणी मूल नव्हतं. खालून इतर कुटुंबांचा गलका येत होता, तो वर पोचेपर्यंत पार बारीक झाला होता.

वर मुलांची खोली होती. एक लाकडी घोडा, एक खिडकी, एक छोटा पलंग. दाराशी राखणीची बाई, स्वेटर विणत.

पलंगावरची चादर एका बाजूला लाथाडलेली होती. उशी जागेवर होती आणि उशीत दोन खळगे होते. छोटे, गोल, शेजारी शेजारी.

ढब्बू उलटा झोपायचा. उशीवर पाय, पायथ्याशी डोकं. झोपवताना सरळ ठेवा, सकाळी टाचा उशीत रुतलेल्या. ही म्हणायची, "याच्या टाचांनाच स्वप्नं पडतात."

मनीने माझा हात धरला. घट्ट.

"हे सकाळी आवरत नाहीत का?" मी विचारलं. आवाज पाहणीला गेल्यावर काढतो तसा काढला होता.

"आवरतो की. रोज," विणणाऱ्या बाई म्हणाल्या.

"मग इथे कोणी झोपतं?"

"सुट्टीत मुलं फार येतात," त्या म्हणाल्या आणि सुईवरचे टाके मोजू लागल्या.

ही दोरीपलीकडे गेली होती. मी थांबवलं नाही. थांबवायला हवं होतं असं मला वाटलं, हेही खरं. पण तिच्या चेहऱ्यावर वर्षभरानंतर रंग आला होता. आणि तो मी कुठल्या तोंडाने पुसणार होतो?

तिने उशीला हात लावला नाही. ती पायथ्याशी गेली. गुडघ्यांवर बसली. उजव्या हाताची मागची बाजू पुढे केली, वॉर्डात करायची तशी.

हात गादीवर टेकला नाही. गादीच्या वीतभर वर थांबला. टेकल्यासारखा थांबला.

बराच वेळ.

"ताप नाहीये," ती म्हणाली.

खोलीत सुयांचा आवाज बंद झाला होता.

"आई," मनी म्हणाली. "आई, चल ना. मला भूक लागलीय."

हिने मान वर केली. आधी मनीकडे बघितलं, मग पलंगाकडे, मग परत मनीकडे. विणणाऱ्या बाई खाली बघत होत्या. मी आयुष्यात बरीच पडायला आलेली घरं पाहिली आहेत. पडण्याआधी ती जशी गप्प होतात, तसं सगळं गप्प होतं.

मग ही उठली. चादर तशीच ठेवली.

दोरी वर उचलून ती वाकून अलीकडे आली. अलीकडे आल्यावरही तिने दोरी सोडली नाही. तशीच वर धरून उभी राहिली, मागून येणाऱ्याला खालून जाऊ देतात तशी. मग अलगद सोडली.

"चला," ती म्हणाली. "मनी, तुझी वेणी केवढी सुटलीय. बाप लक्ष देत नाही वाटतं."

विणणाऱ्या बाईंनी सुस्कारा टाकला. दमल्या माणसाला सुट्टी मिळावी तसा. उरलेला उंदीर शोधायचं मनीही विसरली. चहा पाण्यासारखाच होता. मी दोन कप प्यायलो.

त्या संध्याकाळी हिने घरातली सगळी अंथरुणं घातली. ढब्बूच्या पलंगावर वर्षभर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग होता, तो उचलून माझ्या टेबलावर टाकला, तिथे धुतलेली चादर घातली. चारही कोपरे पाकिटासारखे. सकाळी दवाखान्यात फोन करून कामावर कधी येऊ म्हणून विचारलं. मनीच्या दोन घट्ट वेण्या घातल्या, इतक्या घट्ट की पोरीचे डोळे ताणले गेले. तरी ती आरशासमोरून हलेना.

ढब्बूच्या पलंगाकडे मी दुपारी बघितलं. पलंग चापूनचोपून आवरलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेलो, तर चादर एका बाजूला लाथाडलेली आणि उशीत दोन खळगे.

मला कारण सापडायला वेळ लागला नाही. तो माझा धंदा आहे. आईला काम मिळावं, आई हसावी, म्हणून एक शहाणी मुलगी पहाटे उठते आणि उशीत आपल्या मुठी दाबते. मी मनीला काही बोललो नाही. उलट तिच्या आवडीची बिस्किटं आणली. रोज सकाळी ही त्या खोलीत जायची, गुणगुणत अंथरूण आवरायची, आणि मी पेपरात डोकं घालून बसायचो. चालू दे, म्हटलं. याहून वाईट औषधं असतात.

सुट्टीच्या शेवटी मनीला आत्याकडे राहायला जायचं होतं. मी तिला सोडायला गेलो. आत्याच्या दाराशी ती घुटमळली.

"बाबा, तुला वाटतं ना, ते मी करते?"

"काय करतेस?"

"उशी." ती बुटांच्या नाड्यांकडे बघत होती. "मी नाही करत. मला वाटलं, तू करतोस."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो की असू दे. 

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात आम्ही दोघंच होतो. ही मोरीत होती, बादलीचा आवाज येत होता. मी ढब्बूच्या खोलीत गेलो. चादर लाथाडलेली. टाचांचे खळगे. मी पायथ्याशी बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा नुकसानभरपाईच्या कुठल्याही दाव्याशिवाय एका गादीवर हात ठेवला.

गादी कोमट होती. ज्या ठिकाणी डोकं असतं तिथे जरा दमट.

मी चादर ओढायला घेतली. का, ते माहीत नाही. हाताला काहीतरी करायला हवं होतं.

"तुम्ही नका हात लावू," ही दारातून म्हणाली. पदराला हात पुसत होती. "मी करते."

मी उठून दाराशी आलो. पण ती आत गेली नाही. उंबऱ्यापाशी उभी राहिली, एका बाजूला अंग चोरून. आतलं कोणी उठून बाहेर जाईपर्यंत थांबतात, तशी.

मीही जरा बाजूला सरकलो.