तीन गाठींचा हीर

तो दिवा मालवा, पाखरं येतायत. आणि फरहान, हसायचं असेल तर आत जाऊन झोप. माझ्या मेहुणीची, तुमच्या शमरून मावशीची गोष्ट आहे ही. हळू बोला, ती आतल्याच खोलीत आहे.

तेव्हा मी आपल्या पेनल गावच्या इस्लामी शाळेची गाडी चालवायचो. बालवर्ग ते आठवी, एवढीशी शाळा. जमीलन मिस तिथे तीस वर्षं कुराण वाचायला शिकवत होत्या. अक्षरावर बोट ठेवायचं नाही, हीर ठेवायचा, हा त्यांचा दंडक. नारळाच्या झावळीतला हिरवा हीर स्वतः सोलायच्या, टोकाला लाल दोऱ्याच्या तीन गाठी मारायच्या आणि पोराच्या हातात द्यायच्या. कुणी बोट टेकवलं, की त्या बोटावर हलकेच टक्.

मिस वारल्या. कबरीवर रोवतात तशी त्यांच्या कबरीवर ओली झावळी रोवली आम्ही. वर्ग शमरूनला मिळाला.

खरं सांगतो, ती त्या मेलेल्या बाईवर जळायची. "जमीलन मिस असं नव्हत्या शिकवत," असं एखादं पोर म्हणालं, की हिच्या अंगाचा तिळपापड. त्यात ती सहावीतली असीया. तिला अलिफपासून मिसनीच शिकवलेलं, शेवटची तीन पानं तेवढी राहिली होती. ती शमरूनने वाचून घेतली. आता कुराण पूर्ण झाल्याच्या समारंभात इमामसाहेब पोरीला उस्तादाचं नाव विचारणार आणि त्या नावाने सगळ्यांसमोर दुआ मागणार.

"माझं नाव घ्यायचं, कळलं ना?" शमरूनने असीयाकडून घोकून घेतलं.

माझी बायको तिला म्हणाली, "अगं, दुआ मेलेल्यांनाच जास्त लागते."

"तीस वर्षं मिळाली की तिला! मला एक दिवस नको?"

तीन ऑक्टोबर. गुरुवार. रात्रीची, ईशाची नमाज होऊन वीस मिनिटं झाली होती. शमरून म्हणाली, "भाऊजी, सवाईनचं मोठं पातेलं शाळेत राहिलंय. सकाळीच खिरीच्या शेवया शिजवायच्यात. चला ना."

मी गाडीतच बसलो. ती पातेलं घेऊन आली, आणि पातेल्यात वर्गातले सगळे जुने हीर. "उद्या असीयाच्या हातात ही काडी दिसायला नको," म्हणाली आणि मोडून गटारात टाकले. मी गाडी चालू केली. अडवायला हवं होतं.

मग वर्गातला दिवा लागला.

"मी बंद केला होता," शमरून म्हणाली. आणि गेली परत.

आत काय झालं, ते तिनेच मला नंतर सांगितलं. असीयाचं कुराण शेवटच्या पानावर उघडं. वर्गात कोणी नाही. ओल्या झावळीचा वास. मिटायला म्हणून तिने पानावर बोट टेकवलं...

टक्.

नखावर. हलकेच.

"मिस?"

...

पुन्हा टक्.

धावत आली. घराशी उतरताना हे सगळं सांगितलं. मला वाटलं, आता तरी नावाचा हट्ट सोडेल. कुठलं काय!

शुक्रवारी जुम्म्यानंतर सगळे जमले. इमामसाहेबांनी विचारलं, "बेटा, तुझे उस्ताद कोण?"

असीयाने खाली बघितलं, मग शमरूनकडे. शमरून डोळे वटारून उभी.

"शमरून मिस," पोरगी पुटपुटली.

इमामसाहेब गडबडले. म्हातारा माणूस, जमीलन मिससाठीच दुआ मनात धरून आलेला. नाव तेवढं बदललं... बाकीची दुआ तशीच राहिली.

"या अल्लाह, शमरूनचे गुन्हे माफ कर. तिच्या कबरीत उजेड कर."

अख्खी शाळा म्हणाली, आमीन. मीसुद्धा. तोंडातून निघाल्यावर कळलं.

संध्याकाळी तिला घरी सोडायला गेलो. दाराशी, पायरीलगतच्या मातीत, एक हीर उभा रोवलेला. हिरवा. ओला. लाल दोऱ्याच्या तीन गाठी.

तिने तो उपटून फेकला आणि त्याच रात्री आमच्याकडे राहायला आली. याला तीन वर्षं झाली.

दुसऱ्या सकाळपासून आपल्या मागच्या दाराशी मातीत तो तीन गाठींचा हीर आहे ना, ज्याला हात लावू नका म्हणून मी ओरडतो...

अजून सुकलेला नाही.